रिसोर्स, कंटेनर, स्टोअर : तिन्हींना मराठीत काय म्हणावं?

प्रश्न :
पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतल्या सिमपाय या सिम्युलेशन लायब्ररीवर, म्हणजे खऱ्या व्यवहारांची संगणकावर नक्कल करायच्या तयार कोडवर, विद्यार्थ्यांसाठी मराठीत टिपणं लिहितेय. मर्यादित गोष्टी दाखवायला तिच्यात तीन प्रकार आहेत. रिसोर्सला 'संसाधन' लिहिलं, कंटेनरला 'साठा'. स्टोअरलाही 'साठा'च लिहावं लागलं आणि तिथेच अडले.

उत्तर :
ताई, आधी क्रियापदं बघा. पेट्रोल पंपावर गाडी लागली की नळी गुंतते, गाडी गेली की मोकळी होते. जमिनीखालच्या टाकीतलं पेट्रोल मात्र संपतं. 'संसाधन' म्हटलं की हा भेदच पुसला जातो, कारण पाणी, जंगल, माणसं, सगळंच त्यात येतं. रिसोर्स नळीसारखा गुंततो आणि सुटतो, त्याला मी नुसतं 'साधन' म्हणेन.

कंटेनरला माझ्या मते 'कणगी'. कणगीतून दोन पायली ज्वारी काढली की पातळी उतरते. नेमके कुठले दाणे आले हे कोणी विचारत नाही. कंटेनरही तेवढाच आकडा धरून असतो. भरलेला असेल तर ओतणारा खोळंबतो. दोन पायली मागितल्या आणि एकच शिल्लक असेल, तर एक देऊन बोळवण होत नाही, मागणाऱ्याला पुरती भर पडेपर्यंत थांबावं लागतं.

स्टोअर म्हणजे वखार. तिथे प्रत्येक वस्तू वेगळी ओळखू येते. एरवी आधी आलेली आधी बाहेर पडते, पण फिल्टरस्टोअर या स्टोअरच्याच प्रकारात 'अमुक वजनाचं पोतं दे' असंही सांगता येतं.

आणखी एक उत्तर :
'वखार' पटलं. फक्त 'स्टोरेज' दिसलं की लगेच वखार लिहू नका. जेफ्री गॉर्डन यांनी १९६१ मध्ये आयबीएममध्ये जीपीएसएस ही सिम्युलेशनची भाषा आणली. तिच्यात एका वेळी एकालाच घेणारी ती 'फॅसिलिटी' आणि एका वेळी अनेकांना सामावणारी ती 'स्टोरेज'. वाहनतळावर पन्नास गाड्यांची सोय असेल तर ती स्टोरेज. तिथे काही साठत नाही, जागा अडते आणि सुटते. म्हणून तिथे 'जागा' हाच शब्द बरा.

प्रश्नकर्ती :
'साधन' आणि 'वखार' घेते. कणगी मला फार आवडली, आजोळी शेणानं सारवलेली होती. पण माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी ती पाहिलेली नाही. गच्चीवरची पाण्याची टाकी सगळ्यांच्या घरी आहे, म्हणून 'टाकी' लिहिते. पातळी, भरणं, उपसणं हे शब्द तिच्याबरोबर आपसूक येतात. कणगी पहिल्या उदाहरणात ठेवते, चित्रासकट.