मदत हवी आहे: भीमाशंकरकडचे भुंगे, नोंदवहीत जाती किती लिहू?

डिंभेकर

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोक जैवविविधता नोंदवहीतलं कीटकांचं पान माझ्या गळ्यात घातलंय. गाव आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरच्या पूर्वेला. जुन्या वहीत 'भुंगा' असा एकच शब्द लिहून मंडळी मोकळी झालीत. मला तिथे जाती लिहायच्या आहेत. भुंगा म्हणजे लाकूड पोखरणारा, मधमाशीच्या कुळातला. नारळावरचा गेंडा भुंगा नव्हे.

मला दिसलेले असे. एक अंगठ्याएवढा, पूर्ण काळा, उन्हात पंखांवर निळी-हिरवी झाक. गोठ्याच्या वाशांना गोल भोकं पाडतो, खाली भुसा पडलेला असतो. दुसरा जरा लहान, पोट काळं पण पाठीवर दाट पिवळी लव. हा वांग्याच्या फुलाला लटकून मोठ्याने गुणगुणतो. तिसरा अख्खाच पिवळट-हिरवा. हवेत एका जागी थांबतो आणि कुणी जवळून गेलं की थेट तोंडासमोर येतो. पोरं त्याला जाम घाबरतात. चौथा दिवसा कधी दिसला नाही. वारस फुलतो तेव्हा अंधारात त्या झाडात घुमल्यासारखा आवाज येतो. बॅटरी मारली तर तपकिरी दिसला.

तर चार नोंदी कराव्यात का? शिवाय पहिल्या काळ्यातच दोन प्रकार असावेत अशी शंका आहे, कारण काहींचे पंख हिरवे दिसतात, काहींचे जांभळे. आणि टाचणीला न टोचता हे कितपत ओळखता येतं? फोटो आहेत, पण सगळे वरून काढलेले, मोबाइलचे.

पाकोळी

दुसरा आणि तिसरा एकाच जातीचे असणार. काळ्या पोटाची, पिवळ्या पाठीची ती मादी आणि अख्खा पिवळा तो नर. या गटात नर-मादी इतके वेगळे दिसतात की नवखा माणूस हमखास दोन नोंदी करतो. पडताळायचं असेल तर शिंगांचे (डोक्यावरच्या स्पर्शिकांचे) भाग मोजा: मादीचे १२, नराचे १३. मादीच्या मागच्या पायांवर पराग गोळा करायला केसांचा दाट झुबका असतो, नराच्या नसतो. पोरांना सांगा, तोंडासमोर येणारा तो नर आपली हद्द राखतोय. त्याला नांगी नसते.

जात नेमकी कोणती, ते मात्र फोटोवरून सांगणार नाही. पिवळ्या पाठीच्या गटात (या भुंग्यांचं शास्त्रीय नाव झायलोकोपा) झायलोकोपा एस्चुअन्स आणि झायलोकोपा प्युबेसेन्स या दोघींची गल्लत नेहमीची. जुन्या लिखाणात ल्युकोथोरॅक्स हे नावही सापडेल. ते आता बरेच जण एस्चुअन्समध्येच धरतात. तुम्ही 'झायलोकोपा, पिवळ्या पाठीचा गट' असं लिहा. अर्धवट नावापेक्षा हे बरं.

नाना_जुन्नर

नोंदी करा, पण वाशाच्या भोकांत रॉकेल ओतू नका. आमच्याकडे हाच उद्योग चालायचा. भुंगा लाकूड खात नाही, फक्त पोखरतो. आत खोल्या करून परागाच्या गोळ्यावर अंडी घालतो. वाशांना ऑइलपेंट मारा आणि जवळच बांबूचे किंवा वाळक्या शेवग्याचे तुकडे बांधून ठेवा. रंगवलेल्या लाकडाकडे सहसा फिरकत नाही. वांग्याच्या फुलातला पराग सुटा करायला तसली गुणगुण लागते, साध्या मधमाशीला ती जमत नाही.

कातळ

काळ्यांबद्दल. पंखांचा रंग सोडून द्या. ती झाक रंगद्रव्याची नसते, पंखाच्या पातळ थरांवरून प्रकाश परततो त्याने दिसते. त्यामुळे तोच भुंगा सकाळी हिरवा आणि कोन बदलला की जांभळा. पाठीवरच्या केसांवरही फार विसंबू नका. म्हाताऱ्या भुंग्याची पाठ घासून टकली होते, आणि फुलातून आलेल्या काळ्या भुंग्याची पाठ परागाने पिवळी दिसते. कृष्णकमळावर हे फार होतं.

पण तुमची शंका चुकीची नाही, कारण चुकीचं आहे. आपल्याकडे मोठ्या काळ्यांत झायलोकोपा लॅटिपेस आणि झायलोकोपा टेन्युइस्कापा असे दोन जवळचे नातलग आहेत. पहिल्याचं वर्णन १७७३ सालचं, दुसऱ्याचं १८४० सालचं. माद्या इतक्या सारख्या की वरून काढलेल्या फोटोवर जात सांगणाऱ्याचं मी तरी ऐकणार नाही. म्हणून नर शोधा. लॅटिपेसच्या नराचे पुढचे पाय टोकाकडे पसरट, फिकट आणि लांब केसांच्या झालरीचे असतात. पण पसरट पाय दिसले म्हणून लगेच लॅटिपेस लिहू नका, शिंगाचा बुडाचा लांब भागही पाहा. टेन्युइस्कापा हे नाव शिंगाचा तो भाग बारीक असण्यावरून पडलंय.

मारायची गरज नाही. पारदर्शक बरणीत घ्या, थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा (फ्रीझरमध्ये नाही), सुस्त झाला की फोटो काढा: समोरून चेहरा, पुढचे पाय, शिंगं, मागचे पाय. ऊन लागलं की उडून जाईल. वाशाखाली मेलेले पडलेले असतात तेही गोळा करा, ते सगळ्यात उपयोगी. अभयारण्याच्या हद्दीत मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय बरणी काढूच नका.

डिंभेकर

धन्यवाद! म्हणजे माझ्या दोन रंगांची एक जात झाली आणि एका रंगाच्या कदाचित दोन. समितीपुढे हे सांगताना मजा येणार आहे. नाना, शेवग्याचे तुकडे बांधतो. आता रात्रीचा राहिला. वारसावर रात्री येतो म्हणजे तो चौथा नक्की ना?

पाकोळी

थांबा, तेवढ्यावर नक्की नाही. भीमाशंकरच्याच वारसांवर हेमा सोमनाथन आणि रेनी बोर्जेस यांचा २००१ सालचा अभ्यास आहे, आणि त्यात रात्री परागीभवन करणारा निघाला तो टेन्युइस्कापा. म्हणजे तुमच्या गोठ्यातल्या काळ्यांपैकीच एक असू शकतो. तो मुख्यतः दिवसाचा, पण संधिप्रकाशात आणि अधूनमधून रात्रीही उडतो.

खरा रात्रीचा तो झायलोकोपा ट्रँकबारिका. त्याचं नाव तमिळनाडूतल्या थरंगंबाडीवरून, म्हणजे डॅनिश लोकांच्या ट्रँकबारवरून. २००८ साली याच भागातल्या भुंग्यांवर पुढचं काम प्रसिद्ध झालं, त्यात हा चंद्र नसलेल्या रात्रीही उडताना आढळला. जगात इतक्या अंधारात उडणारी दुसरी मधमाशी माहीत नाही. पिवळ्या पाठीचा मात्र त्याच कामात निव्वळ दिवसाचा ठरला, त्यामुळे रात्री तो धरायचं कारण नाही.

तुमचा तपकिरी रंग ट्रँकबारिकाकडे बोट दाखवतो, पण बॅटरीच्या पिवळ्या उजेडात काळाही तपकिरी दिसतो. डोक्यावर दोन मोठ्या डोळ्यांच्या मध्ये तीन साधे डोळे असतात ना, ते बघा. ट्रँकबारिकाचे ठळक मोठे आहेत, समोरून आणि थोडं वरून काढलेल्या फोटोत लगेच कळतात.

कातळ

आणि रात्रीच्या प्रत्येक नोंदीपुढे वेळ आणि तिथी लिहा. अमावस्येच्या आसपास मध्यरात्री आलेला आणि पौर्णिमेला दिवेलागणीला आलेला, दोन्ही एकाच रकान्यात कोंबू नका.

डिंभेकर

तिथीचा रकाना समितीत कुणीच नाकारणार नाही! वारस फुलला की चेहऱ्याचे फोटो इथेच टाकतो. तोवर वाशाखालचे मेलेले काडेपेटीत जमवतोय. त्यांना मुंग्या लागतायत, काय करू?

नाना_जुन्नर

आधी उन्हात कडक वाळव, मग झाकणाच्या डबीत डांबरगोळीबरोबर ठेव. आणि डबीवर तारीख, जागा लिहायला विसरू नकोस.