चैत्रगौर असताना महिला दिन कशाला?

रामबागवाली:
काल एका दादांनी लिहिलं, "८ मार्च हे गोऱ्यांचं खूळ. आपल्या बायकांचा मान चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात होतोच." राहवलं नाही. १९१७ साली रशियात पेत्रोग्रादच्या कापडगिरण्यांतल्या बायका ८ मार्चलाच भाकरीसाठी संपावर गेल्या, आठवड्यात झारची गादी गेली. हे खूळ? आणि चैत्रगौरीचा मान कोणाला? बाबा गेल्यावर माझी आई आत आंब्याची डाळ वाटत बसायची, बाहेर कुंकू लावायला वहिनी. तेही इंदुरात! अहिल्याबाई १७५४ साली विधवा झाल्या आणि १७६७ ते १७९५ होळकरांचं राज्य चालवलं. त्यांच्या पुतळ्याला हार घालायचा आणि घरची विधवा स्वयंपाकघरात?

सराफाप्रेमी:
ताई, तुमच्या घरचं चुकलं म्हणून चैत्रगौर चुकली का? आमच्या आजीने आजोबा गेल्यावरही हळदीकुंकू केलं, गल्लीतल्या झाडून सगळ्यांना बोलावून. आणि तुमच्या ८ मार्चचं तरी काय उरलंय? साड्यांवर सूट. रशियातसुद्धा आता सुट्टी आणि पुष्पगुच्छ!

सुदामानगर:
इटलीत निदान मिमोसाची पिवळी फुलं देतात. आमच्या ऑफिसात गुलाबी फुगे आले, ते फुगवले आम्हीच. साहेब भाषण ठोकून केक खाऊन गेले, टेबलं पुसली आम्हीच. बाकी डाळ पाट्यावरच हो, मिक्सरवर पार पीठ होतं.

सराफाप्रेमी:
भरडच हवी. वर हिंगाची फोडणी आणि बारीक शेव.

सुदामानगर:
शेव?? आंब्याच्या डाळीवर? कैरीची चवच मारलीत की.

सराफाप्रेमी:
इंदुरात राहून शेवेला नावं? पोह्यांवर चालते ना? सासर पुण्याचं दिसतंय.

सुदामानगर:
सासर काढायचं काम नाही! आणि पोहे वेगळे, डाळ वेगळी. शेव दोन मिनिटांत मऊ पडते, मग ती चमच्याला चिकटते. खाऊन बघा एकदा जिभेने, अभिमानाने नको.

रामबागवाली:
मी आईचं सांगतेय आणि तुम्ही शेवेवर भांडा! २४ ऑक्टोबर १९७५ ला आइसलँडच्या सुमारे ९० टक्के बायकांनी नोकरी, स्वयंपाक, मुलं सगळं एक दिवस सोडलं. बाप मुलांना घेऊन कामावर गेले. पुढच्याच वर्षी समानतेचा कायदा झाला. यंदा तृतीयेला तेच करू. दादा, डाळ तुम्ही वाटा.

सराफाप्रेमी:
वाटतो. आणि बोलावणं सगळ्यांना, विधवा-सवाष्ण काही नाही. हे आजीचं ऐकून हं, तुमचं नव्हे. शेव मात्र पडणार.

सुदामानगर:
मग कैऱ्या किसायला दुसरं कोणी बघा.