कोहा नव्या सर्व्हरवर हलवलं. मराठी पुस्तकं आहेत, पण शोधात सापडत नाहीत. मदत हवी आहे

नमस्कार. आर्वी तालुक्यातलं (जि. वर्धा) आमचं गाव. माझं सेवा केंद्र आहे, सातबारा न् पीकविम्याची कामं करते. गावात कम्प्युटरवाली म्हणून मीच, त्यामुळे वाचनालयाचा सर्व्हरही माझ्याच गळ्यात. 'क' वर्गाचं वाचनालय, साडेपाच हजारांच्या आसपास पुस्तकं, त्यातली नव्वद टक्के मराठी. नोंदी आणि देवघेव 'कोहा' या वाचनालयाच्या सॉफ्टवेअरवर चालते.

जुना सर्व्हर भाड्याचा, डेबियन १० या लिनक्सवर. त्याचे सुरक्षा अपडेट जून २०२४ मध्येच थांबले होते, तरी मी 'चालतंय ना' म्हणून हात लावला नाही. आता सर्व्हरवाल्यांनीच कळवलं की जुनी यंत्रं महिनाअखेर बंद. म्हणून नवीन घेतला: २ जीबी रॅम, डेबियन १२.

काय काय केलं ते सांगते (मोबाईलवरून टंकतेय, कमांडची नावंही मराठीतच लिहिलीत, सांभाळून घ्या). आदल्या दिवशी डीएनएसचा टीटीएल (डोमेनचा जुना पत्ता इतर किती वेळ धरून ठेवतात ते) ३०० सेकंदांवर आणला. गुरुवारी वाचनालय बंद असतं, तोच दिवस धरला, म्हणजे मधल्या काळात कोणी पुस्तक नेऊन दोन्हीकडे वेगळा हिशेब व्हायला नको. कोहा-डंप (बॅकअपची कमांड) चालवलं, दोन फायली मिळाल्या: एक डेटाबेसची, एक सेटिंगची. त्या आधी माझ्या लॅपटॉपवर उतरवत होते. दोनदा लाईन गेली, दोनदा पहिल्यापासून. मग डोकं चाललं, की फायली माझ्या घरी आणायच्याच कशाला? जुन्या सर्व्हरवर टीमक्स उघडून (त्यात आपली लाईन तुटली तरी काम चालू राहतं) तिथूनच आरसिंक या कॉपीच्या कमांडने थेट नव्यावर पाठवल्या. लाईन गेली, राऊटर बंद पडला, कॉपी आपली चालू. सोयाबीनच्या दिवसांत लाईनचा काय भरवसा, आधीच सुचायला हवं होतं.

नव्यावर कोहा टाकलं (जुनं २०.०५ होतं, हे २३.११), कोहा-रिस्टोरने बॅकअप चढवला, मग कोहा-अपग्रेड-स्कीमाने डेटाबेस नव्या आवृत्तीला जुळवला. एकही एरर नाही. डोमेन वळवलं, सर्टबॉटने सर्टिफिकेट घेतलं.

शुक्रवारी सकाळी आमच्या ग्रंथपाल काकांचा फोन: "कुठी गेले व सारे पुस्तकं?"

'कापूस' शोधलं तर शून्य. 'शेती' शून्य. इंग्रजीत 'अ‍ॅग्रिकल्चर' टाकलं तर चार पुस्तकं येतात. पण मराठी पुस्तकाचा बारकोड स्कॅन केला की नाव नीट दिसतं आणि पुस्तक देताही येतं. म्हणजे नोंदी आहेत, फक्त शोधात येत नाहीत. रिस्टोर पुन्हा करू का? काका तोवर वहीतून शोधून देताहेत, आणि मला ऐकवताहेत.

*

टीमक्सवेडा:
रिस्टोर अजिबात नका करू ताई. बारकोडने देवघेव होते ती सरळ डेटाबेसमधून. शोध मात्र झेब्रा नावाच्या वेगळ्या इंडेक्समधून होतो. इंडेक्स डंपसोबत आलेला नसणार. इंडेक्स नव्याने बांधायला कोहा-रिबिल्ड-झेब्रा पूर्ण चालवा, 'एफ' हा पर्याय लावून.

धागाकर्ती:
केलं दादा, कालच. पाच-सात मिनिटं चाललं, एरर नाही. इंग्रजी पुस्तकं त्यानंतरच यायला लागली, आधी तीही येत नव्हती. मराठीचं मात्र तेच.

फुलस्टॉप_नाही:
अक्षरं आतून बिघडलेली नाहीत ना, ते आधी बघा. देवनागरी अक्षर युटीएफ-८ मध्ये ३ बाइटांत साठतं आणि पहिला बाइट सगळ्यांचा एकच. डंप चुकीच्या कॅरॅक्टर सेटने उघडला की तो बाइट डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए होऊन बसतो आणि त्यामागे कधी जपानी येनचं चिन्ह. पानभर तेच तेच दिसतं, एकदा पाहिलं की विसरत नाही. माझ्याकडे गावच्या जत्रेच्या वर्गणीची यादी अशी झाली होती. कोणी किती दिले याचा पत्ता नाही, आणि सगळे म्हणाले आम्ही दिले.

धागाकर्ती:
नाही, काना-मात्रेसकट शुद्ध मराठी दिसतंय. तुमच्या वर्गणीचं पुढे काय झालं?

फुलस्टॉप_नाही:
त्यासाठी वेगळा धागा लागेल.

डोंगरवाचक:
ताई, जुना सर्व्हर तुम्ही स्वतः लावला होता का?

धागाकर्ती:
नाही. गावातलाच एक मुलगा, आता पुण्याला असतो. त्याने काय केलं, काहीच लिहून ठेवलेलं नाही.

डोंगरवाचक:
मग तिथेच आहे. झेब्रा मूळ सेटिंगमध्ये सीएचआर पद्धतीने शब्द तोडतो, तिच्या तक्त्यात देवनागरी नाही. तक्त्यात नसलेलं अक्षर तो गाळतो, त्यामुळे 'कापूस'चा इंडेक्समध्ये काहीच उरत नाही. मराठीसाठी आयसीयू ही सगळ्या लिप्या ओळखणारी पद्धत लावावी लागते. त्या मुलाने जुन्यावर ती हाताने लावली असणार.
आता गंमत बघा. कोहा-डंप फक्त तुमच्या वाचनालयापुरतं सेटिंग उचलतो. शब्द कसे तोडायचे ते ठरवणारी डिफॉल्ट-डॉट-आयडीएक्स ही फाइल ईटीसीमधल्या कोहाच्या झेब्राडीबी फोल्डरात असते, सगळ्यांसाठी सामायिक. ती डंपमध्ये येत नाही. नव्यावर मूळ, न बदललेली फाइल आली.
जुना सर्व्हर जिवंत असेल तर दोन्ही फायली डिफने ताडून बघा. पण जुनी उचलून नव्यावर ठेवू नका, मधे बऱ्याच आवृत्त्या गेल्यात. फक्त त्या ओळी बदला: चारमॅपच्या (सीएचआर) ओळीपुढे हॅश लावा, म्हणजे ती ओळ बंद होते, आणि आयसीयूचेनच्या ओळीपुढचा हॅश काढा. मग झेब्रा रीस्टार्ट आणि पुन्हा पूर्ण रिबिल्ड. रिबिल्ड विसरलात तर काहीच फरक दिसणार नाही.

धागाकर्ती:
सापडलं!! जुन्या फायलीत अगदी त्याच ओळींपुढे हॅश आहे. बदलून रिबिल्ड लावलं. 'कापूस' टाकलं, ३१ पुस्तकं आली. काकांना फोन केला तर म्हणे "मी सांगतच होतो, पुस्तकं जागेवरच आहेत." डोंगरवाचक, तुमचे लई उपकार.

आता दुसरं. आज एक आजोबा तणतणत आले. पुस्तक त्यांनी शुक्रवारी परत केलं, नव्यावर जमा दिसतंय, तरी नातवाच्या ईमेलवर 'मुदत संपली' आलं. नव्याच्या नोंदीत असा मेल गेल्याचं दिसतच नाही. मग कुठून गेला?

टीमक्सवेडा:
जुना सर्व्हर अजून चालू आहे ना? त्याच्या लेखी आजोबांनी पुस्तक दिलेलंच नाही. क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) रोज रात्री इमानदारीने उठतो आणि तगादा पाठवतो. जुन्यावर कोहा-ईमेल-डिसेबल चालवा, त्यापुढे तुमच्या वाचनालयाचं इन्स्टन्सचं नाव. मशीन मात्र महिनाअखेरपर्यंत राहू द्या, अजून काय हाताने केलेलं निघेल सांगता येत नाही.

धागाकर्ती:
बंद केलं. काल रात्री आणखी ९ जणांना गेलेत. यादी काढली, एकेकाला फोन लावतेय.