नोकरी बदलली, दोन्ही कंपन्यांनी टीडीएस शून्य धरला. फेब्रुवारीत आता काय करता येईल?

अक्कलकोट_रोड (३ फेब्रुवारी २०२६)

नमस्कार मंडळी. एप्रिल ते सप्टेंबर सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात नोकरी, ग्रॉस पगार महिना ९५,०००. ऑक्टोबरपासून चिंचोळी एमआयडीसीत, महिना १,३०,०००. दोन्हीकडे बेसिक निम्मा. दोन्हीकडच्या स्लिपांवर टीडीएसच्या (पगारातून आधीच कापायचा कर) रकान्यात शून्य. जुन्या कंपनीने "बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही" असं सांगितलं होतं, नवी कंपनीही तेच सांगते. पण दोन्ही पगारांची बेरीज १३,५०,००० होते. करप्रणाली नवी. आर्थिक वर्ष २०२५-२६. जानेवारीचा पगार झाला, आता फेब्रुवारी आणि मार्च असे दोनच उरले.

कर लागणार का, किती लागणार, आणि तो आत्ता भरायचा की जुलैत रिटर्नबरोबर? व्याज बसतं म्हणतात, ते खरं का?

पेरोल_टेबल

लागणार. चूक कुणाची म्हणाल, तर दोन्ही कंपन्यांनी आपापल्या आकड्यांपुरतं बरोबरच केलंय. पहिलीने ९५,००० गुणिले १२ म्हणजे ११,४०,००० धरले, त्यातून ७५,००० प्रमाणित वजावट काढली, उरले १०,६५,०००. ते बारा लाखांच्या आत, म्हणून कलम ८७एची सूट आणि टीडीएस शून्य. दुसरीने फक्त स्वतःचे सहा महिने पाहिले: ७,८०,००० वजा ७५,०००, म्हणजे ७,०५,०००. पुन्हा सूट, पुन्हा शून्य. एकाच माणसाला प्रमाणित वजावट दोनदा मिळाली आणि सूटही दोनदा. रिटर्न भरताना दोन्ही एकदाच मिळतात, तिथे हा खड्डा दिसतो.

आता खरा हिशेब. १३,५०,००० वजा ७५,००० = १२,७५,०००. यंदाचे टप्पे असे: ४ लाखांपर्यंत काही नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,०००, ८ ते १२ लाखांवर १० टक्के म्हणजे ४०,०००, वरच्या ७५,००० वर १५ टक्के म्हणजे ११,२५०. एकूण ७१,२५०, त्यावर ४ टक्के उपकर २,८५०. कर झाला ७४,१००.

"बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही" हे वाक्य अर्धवट फिरतं, म्हणून सांगतो. बारा लाख हा करमुक्त टप्पा नाही. टप्पा चार लाखांचाच आहे. बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर जो कर निघतो तो जास्तीत जास्त ६०,००० पर्यंत माफ होतो, इतकंच. उत्पन्न बारा लाखांच्या किंचित वर गेलं तर सीमांत सवलत मिळते: करपात्र १२,३०,००० असेल तर कर ६४,५०० न लागता वरचे ३०,०००च लागतात, अधिक उपकर. ही सवलत १२,७०,५८८ च्या आसपास संपते. तुम्ही १२,७५,००० वर आहात, म्हणजे चार-साडेचार हजारांनी हुकलात.

उपाय सोपा आहे आणि फेब्रुवारीचं पेरोल बंद व्हायच्या आधी करायचा आहे. नव्या कंपनीला फॉर्म १२बी द्या, म्हणजे जुन्या कंपनीतल्या पगाराचा तपशील कळवायचा फॉर्म.

होटगी_रोड_करसल्लागार

वरचा हिशेब बरोबर. व्याजाचं मी सांगतो, कारण लोक इथेच गफलत करतात. "भरायचेच आहेत तर जुलैत भरू" म्हणणाऱ्याला हे महागात पडतं.

टीडीएस वजा जाता १०,००० किंवा जास्त कर उरत असेल तर आगाऊ कर लागू होतो, पगारदारालाही. हप्ते चार: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. चुकलेल्या हप्त्यांवर कलम २३४सी चं व्याज, आणि ३१ मार्चपर्यंत ९० टक्के न भरल्यास एप्रिलपासून पुढे २३४बी चं. दोन्हीकडे दर महिना १ टक्का, महिन्याचा एक दिवस गेला तरी पूर्ण महिना.

७४,१०० वर तीन वाटा:

जुलैत रिटर्नबरोबर भरले तर २३४सी चे ३३३ + ९९९ + १,६६५ + ७४१ म्हणजे ३,७३८, आणि २३४बी चे एप्रिल ते जुलै चार महिन्यांचे २,९६४. मिळून ६,७०२ रुपये फुकटचे.

१५ मार्चच्या आत स्वतः चलन भरलं तर २३४बी नाही, पण आधीचे तीन हप्ते चुकलेलेच राहतात. २,९९७ रुपये जातात. (१६ ते ३१ मार्च भरलेलंही आगाऊ करातच धरतात, फक्त शेवटच्या हप्त्याचे ७४१ वाढतात.)

नव्या कंपनीने फेब्रुवारी-मार्चच्या पगारातून पूर्ण कर कापला तर व्याज शून्य. कारण आगाऊ कर काढताना टीडीएस आधी वजा होतो, आणि तो एप्रिलमध्ये कापला की मार्चमध्ये, याने फरक पडत नाही. कलम १९२(३) नुसार आधी कमी कापलेलं वर्षातल्या उरलेल्या महिन्यांत भरून काढायची मालकाला मुभा आहे. म्हणून चलनाच्या मागे न लागता १२बीच्या मागे लागा.

अक्कलकोट_रोड

फार आभार. एचआरला विचारलं. उत्तर आलं, "जुन्या कंपनीचा फॉर्म १६ आणा, मग बघू." तो तर जूनमध्ये मिळणार ना? आणखी दोन गोष्टी: बँकेत एफडी आहे, वर्षाचं व्याज १८,००० होईल, बँकेने त्यावर काही कापलं नाही. आणि भाडं १२,००० देतो, पीएफ-एलआयसी मिळून दीड लाख होतात, मेडिक्लेम २५,०००, गृहकर्ज नाही. जुनी प्रणाली घेतली तर सुटेन का?

पेरोल_टेबल

फॉर्म १६ म्हणजे मालकाने द्यायचा पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, त्याची मुदत १५ जून. त्याची वाट पाहायची असती तर १२बी हा फॉर्मच कशाला काढला असता! कलम १९२(२) मध्ये कर्मचाऱ्याने आधीच्या पगाराचा तपशील द्यावा की नाही हे त्याच्या मर्जीवर आहे. पण एकदा दिला की तो हिशेबात धरणं नव्या मालकावर बंधनकारक आहे. एचआरला तोंडी सांगत बसू नका, ईमेल करा आणि त्याची प्रत हिशेब विभागालाही पाठवा. कर खरं तर तेच कापतात, एचआर नाही.

१२बी भरायला हे हाताशी ठेवा: जुन्या कंपनीचं नाव-पत्ता, टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) आणि पॅन, नोकरीचा कालावधी, सहाही महिन्यांच्या स्लिपा आणि फायनल सेटलमेंटचा कागद. टॅन स्लिपवर नसेल तर जुन्या हिशेबनिसाला फोन करा. त्याच फोनमध्ये टीडीएस गणनेचा कागदही मागून घ्या.

रकाने भरताना होणाऱ्या चुका बहुतेक ठरलेल्या असतात. पगाराच्या रकान्यात बँकेत जमा झालेली रक्कम लिहितात. हवा तो पीएफ, व्यवसाय कर कापायच्या आधीचा करपात्र ग्रॉस; सगळ्या रकान्यांची मिळून बेरीज तुमचे ५,७०,००० यायला हवी. घरभाडं आणि इतर भत्त्यांचा करपात्र भाग वेगळ्या रकान्यात जातो, नव्या प्रणालीत घरभाडं भत्ता पूर्ण करपात्र. सर्वांत घातक चूक म्हणजे ७५,००० वजा करून ४,९५,००० लिहिणं. नवी कंपनीही ७५,००० वजा करते, आणि जो खड्डा बुजवायचा तोच पुन्हा पडतो. कर कापल्याच्या रकान्यात "०" लिहा. रिकामा सोडला तर सॉफ्टवेअरवाला फॉर्म परत पाठवतो.

सेटलमेंटमध्ये शिल्लक रजेचे पैसे मिळाले असतील तर ते वेगळे दाखवा. राजीनामा दिला तरी कलम १०(१०एए)खाली खासगी नोकरदाराला ते मर्यादेत करमुक्त असतात, नव्या प्रणालीतही.

एफडीचं व्याज फॉर्म १२बीएए मध्ये कळवा. ऑक्टोबर २०२४ पासून हा फॉर्म आहे. दुसरं उत्पन्न आणि दुसरीकडे कापला गेलेला कर मालकाला सांगायला. बँकेने कापलं नाही कारण ज्येष्ठ नसलेल्यांना यंदापासून व्याज ५०,००० च्या वर गेलं तरच १० टक्के कापतात. कापलं नाही म्हणजे करमुक्त, असा अर्थ कुणी काढू नये. तुमचं उत्पन्न १५ टक्क्यांच्या टप्प्यात आहे, तेव्हा १८,००० वर २,७०० आणि उपकर १०८. एकूण कर ७६,९०८, दोन पगारांत ३८,४५४ प्रत्येकी. फेब्रुवारीत व्यवसाय करही २०० ऐवजी ३०० कापतात, हात जरा आखडता ठेवा.

होटगी_रोड_करसल्लागार

जुन्या प्रणालीचं पाहू. घरभाड्याची सूट: वर्षाचं भाडं १,४४,०००, त्यातून बेसिकचे १० टक्के (पहिल्या नोकरीचे २८,५००, दुसरीचे ३९,०००) वजा, म्हणजे ७६,५००. सोलापूर महानगरांच्या यादीत नाही, त्यामुळे बेसिकच्या ४० टक्क्यांची मर्यादा लागते, पण तुम्ही तिच्या खूप खाली आहात. प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, ८०सी चे (पीएफ-एलआयसी) दीड लाख, ८०डी चे (मेडिक्लेम) २५,०००. सगळं मिळून ३,०४,०००. १३,६८,००० मधून गेले की १०,६४,००० उरतात, त्यावर उपकरासह कर १,३६,९६८. नव्यात ७६,९०८. विषय संपला.

तुमच्या उत्पन्नाला जुनी प्रणाली परवडायला ५,६०,७५० च्या वर वजावटी लागतील. गृहकर्जाच्या व्याजाचे दोन लाख आणि भरघोस घरभाडं असल्याशिवाय तिथे कुणी पोचत नाही. पगारदाराला रिटर्न भरताना, मुदतीच्या आत, प्रणाली बदलता येते. कंपनीला काय सांगितलं होतं याने अडत नाही.

नव्या प्रणालीत हाताशी राहतं ते मालकाकडून एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजना) जाणारं योगदान, बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत. ६५,००० बेसिकवर महिना ९,१००, दोन महिन्यांत १८,२००, कर वाचेल २,८३९. एवढ्यासाठी फेब्रुवारीत पगाराची रचना बदलायला लावणं म्हणजे एचआरशी उगाच वाकडं घेणं. एप्रिलपासून मागा.

एक विचारायचं राहिलं: जुना पीएफ काढलात का? पाच वर्षं पूर्ण नसताना काढला तर तोही करात येतो आणि हा सगळा हिशेब मोडतो. नसेल काढला तर नव्या खात्यात वळवून घ्या.

मंगळवेढा_गुरुजी

मध्येच विचारतो. आमच्याकडे उलट आहे. दर महिन्याला पगारातून कापतात, स्लिपवर आहे, पण २६एएस मध्ये (आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचं आयकर खात्याचं पत्रक) जुलैपासून पुढचं काहीच दिसत नाही. मग तो कर आम्ही पुन्हा भरायचा का?

होटगी_रोड_करसल्लागार

गुरुजी, ऑक्टोबर-डिसेंबर तिमाहीचं २४क्यू विवरणपत्र (पगारातून कापलेल्या कराचा तपशील) मालकाने भरायची मुदत ३१ जानेवारी होती, त्यामुळे ते आज दिसत नसलं तरी थांबा. जुलै-सप्टेंबरचं मात्र ३१ ऑक्टोबरपर्यंत जायला हवं होतं. ते दिसत नाही म्हणजे तीनपैकी एक: विवरणपत्र गेलंच नाही, तुमच्या पॅनचा एखादा अंक चुकला, किंवा चलनाची रक्कम जुळली नाही. शेजारच्या गुरुजींचं दिसतं का ते विचारा. त्यांचं दिसत असेल तर तुमचा पॅन तपासा; कुणाचंच दिसत नसेल तर घोळ कार्यालयाचा.

पुन्हा भरू नका. कलम २०५ प्रमाणे पगारातून कापला गेलेला कर आयकर खातं तुमच्याकडून परत वसूल करू शकत नाही, मालकाने जमा केला नसला तरी. १ जून २०१५ च्या पत्रात केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने अधिकाऱ्यांना हेच बजावलंय. पण रिटर्नची प्रक्रिया करणारी यंत्रणा २६एएसच पाहते, त्यामुळे मागणीची नोटीस येऊ शकते. म्हणून स्लिपा आणि पगार जमा झालेलं बँकेचं पान जपून ठेवा, आणि पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याकडे दुरुस्ती विवरणपत्रासाठी लेखी अर्ज देऊन पोच घ्या. विवरणपत्राला उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क, आणि कापून न भरलेल्या रकमेवर महिना दीड टक्का व्याज, हे दोन्ही कार्यालयावर बसतं. अर्जात हे आकडे लिहा, फाईल हलते.

अक्कलकोट_रोड

पीएफ काढलेला नाही. १२बी आणि १२बीएए दोन्ही ईमेलने पाठवले, हिशेब विभागाने २० तारखेच्या आत पेरोलमध्ये घेतो म्हणून कळवलंय. त्यांनी शब्द फिरवला तर?

पेरोल_टेबल

२० ते २५ दरम्यान स्लिपचा मसुदा मागून बघा. त्यात टीडीएस शून्यच दिसला तर मार्चची वाट पाहू नका. आयकर पोर्टलवर ई-पे टॅक्समध्ये जाऊन १५ मार्चच्या आत भरून टाका. प्रकार "आगाऊ कर (१००)" निवडा, "३००" (स्वयंनिर्धारण कर) नाही, आणि कर निर्धारण वर्ष २०२६-२७. उत्पन्न २०२५-२६ चं म्हणून वर्षही तेच निवडणारे दरवर्षी भेटतात. ते दुरुस्त करायला पोर्टलवर सातच दिवस मिळतात. चलन भरल्यावर त्याची प्रत हिशेब विभागाला देऊन मार्चमध्ये पुन्हा कापू नका म्हणून सांगा, नाहीतर तेच पैसे दोनदा जातील आणि परताव्याची वाट बघत बसाल.

कापलं गेलं, तर जूनमध्ये दोन फॉर्म १६ हातात येतील, तेव्हा एक लक्षात ठेवा. नव्या कंपनीच्या फॉर्म १६ च्या भाग ब मध्ये १(ई) ही ओळ असते: दुसऱ्या मालकाकडून मिळालेला, कर्मचाऱ्याने कळवलेला पगार. तुमचे ५,७०,००० तिथे आलेले असतील. रिटर्नमध्ये जुन्या कंपनीचा पगार वेगळा लिहिणार असाल, तर नव्या कंपनीपुढे १(ई) सोडून फक्त ७,८०,००० घ्या. पोर्टलवर आधीच भरून येणारे आकडेही या ओळीशी ताडून पाहा. ग्रॉस पगार १३,५०,००० च्या जागी १९,२०,००० दिसला तर गडबड इथेच झालेली असते.