ऑटोहॉटकी: दुसऱ्या मॉनिटरवर क्लिक चुकीच्या जागी होते

प्रश्न

नमस्कार. एक्सेलमधल्या नोंदी हिशेबाच्या एका जुन्या प्रोग्राममध्ये भरण्यासाठी मी ऑटोहॉटकीची (विंडोजवर माउस आणि कीबोर्डची कामे आपोआप करणाऱ्या प्रोग्रामची) स्क्रिप्ट वापरतो. ती नुकतीच पहिल्या आवृत्तीतून दुसऱ्या आवृत्तीत आणली आणि त्याच सुमारास बाहेरचा मॉनिटर जोडला. लॅपटॉपचे स्केलिंग, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठा दाखवण्याचे प्रमाण, १५० टक्के आहे, मॉनिटरचे १०० टक्के. आता लॅपटॉपवर प्रत्येक क्लिक बटणाच्या खाली, पण नेहमी सारख्याच अंतरावर होते. विंडो बाहेरच्या मॉनिटरवर नेली की मात्र चूक बदलत जाते. वरच्या डाव्या कोपऱ्याजवळ ती जेमतेम जाणवते, उजवीकडे खाली असलेले ‘सेव्ह’ बटण तर पूर्णपणे हुकते. शिवाय विंडोची जागा आणि माप सांगणारे विनगेटपॉस हे फंक्शन अधूनमधून दोन्ही अक्षांवर उणे ३२००० असे उत्तर देते. स्लीप (स्क्रिप्टला ठरावीक वेळ थांबवणारी आज्ञा) वाढवूनही फरक पडला नाही.

पहिले उत्तर

क्लिक कसे चुकते ते तुम्ही नेमके सांगितले आहे, त्यामुळे निदान सोपे होते. सारख्याच अंतराने होणारी चूक आणि कोपऱ्यापासून दूर जाताना वाढणारी चूक या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

सारख्या अंतराची चूक आवृत्ती बदलल्यामुळे आहे. पहिल्या आवृत्तीत माउसचे निर्देशांक (जागेचे आडवे-उभे आकडे) मुळात सक्रिय विंडोच्या कोपऱ्यापासून मोजले जात. दुसऱ्या आवृत्तीत ते क्लायंट भागापासून, म्हणजे शीर्षकपट्टी आणि कडा वगळून मोजले जातात. विंडोज १० मधल्या नेहमीच्या विंडोत १०० टक्के स्केलिंगला हा फरक आडवा ८ आणि उभा ३१ पिक्सेल असतो, १५० टक्क्यांना आणखी जास्त. जुने आकडे तसेच ठेवायचे असतील तर स्क्रिप्टच्या सुरुवातीला कोऑर्डमोड या आज्ञेने माउससाठी ‘विंडो’ ठरवा. मी मात्र विंडो स्पाय हे ऑटोहॉटकीसोबत येणारे, विंडोची माहिती दाखवणारे साधन उघडून त्यातल्या ‘क्लायंट’ ओळीतले आकडे नव्याने टिपून घेईन, कारण शीर्षकपट्टीची उंची बदलली तरी ते टिकतात.

वाढत जाणारी चूक स्केलिंगची आहे. ऑटोहॉटकी स्वतःला संपूर्ण सिस्टिमसाठी एकच डीपीआय (स्केलिंगचे माप) मानणारा प्रोग्राम म्हणून जाहीर करते, त्यामुळे वेगळे स्केलिंग असलेल्या मॉनिटरवरचे आकडे विंडोज तिला खरे न देता गुणोत्तराने बदलून देते. विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून यावर उपाय आहे: निर्देशांक वाचण्यापूर्वी डीएलएलकॉलने (विंडोजची फंक्शने बोलावण्याच्या सोयीने) सेटथ्रेडडीपीआयअवेअरनेसकॉन्टेक्स्ट हे फंक्शन उणे ३ देऊन बोलवा. हा बदल त्या थ्रेडपुरता, म्हणजे प्रोग्रामच्या चालू असलेल्या त्या धाग्यापुरता, लागू होतो. त्याआधी टिपलेले आकडे नंतर वापरू नका.

प्रश्नकर्ता

क्लायंटचे आकडे नव्याने घेतल्यावर लॅपटॉपवर सर्व बटणे बरोबर लागू लागली. तुम्ही सांगितलेले फंक्शन वापरल्यावर मॉनिटरवरचा फरकही गेला. उणे ३२००० चा प्रश्न तेवढा उरला आहे.

दुसरे उत्तर

तो आकडा म्हणजे विंडो मिनिमाइझ झालेली आहे. विंडोज तिला पडद्याबाहेर तिथे ठेवते. विनगेटमिनमॅक्सने अवस्था तपासा, उणे १ (मिनिमाइझ) आले तर विनरिस्टोरने विंडो पुन्हा उघडा आणि ती सक्रिय होण्याची वाट पाहणारे विनवेटअॅक्टिव्ह यशस्वी झाल्यावरच जागा वाचा. ठरावीक वेळेचे स्लीप इथे उपयोगाचे नाही, कारण विंडो किती वेळात पुढे येईल हे यंत्रावरच्या भारावर अवलंबून असते. मात्र सगळेच उणे आकडे चुकीचे मानू नका. मॉनिटर मुख्य पडद्याच्या डावीकडे मांडला असेल तर त्यावरचे आडवे निर्देशांक उणेच येतात आणि ते बरोबर असतात.

विनगेटपॉसच्या मापांवरून विंडो शेजारी शेजारी लावणार असाल, तर विंडोज १० मध्ये डावी, उजवी आणि खालची अदृश्य कडाही त्या मापांत धरली जाते हे लक्षात असू द्या. डोळ्यांना दिसणारी खरी चौकट विंडोजच्या डीडब्ल्यूएमगेटविंडोअॅट्रिब्यूट या फंक्शनकडून मिळते.

आणखी एक सुचवतो. प्रोग्राम जुना असल्यामुळे त्यातली बटणे बहुधा विंडोजची स्वतंत्र कंट्रोल्स, म्हणजे विंडोजला वेगवेगळे ओळखता येणारे घटक, असतील. विंडो स्पाय दाखवते ते क्लासएनएन नाव, उदाहरणार्थ ‘बटन३’, कंट्रोलक्लिक या नावाने क्लिक करणाऱ्या आज्ञेला दिले तर निर्देशांकांची गरजच उरत नाही. विंडो कोणत्या मॉनिटरवर आहे याने काही बिघडत नाही आणि माउस तुमच्या हातात मोकळा राहतो. ज्या बटणांना असे नाव दिसत नाही, तेवढ्यांसाठीच क्लायंटचे आकडे ठेवा.