भाचा मँचेस्टरला चाललाय, तिथल्या मुलांच्या प्रायव्हेट शाळेत ॲडमिशन कशी होते?

जुळे_सोलापूरचा_मामा

नमस्कार मंडळी. बहीण नर्स आहे, दीड वर्षापूर्वी मँचेस्टरला एनएचएसमध्ये (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत) लागली, दाजी दिवाळीनंतर गेले आणि पोरगं सध्या माझ्याकडं आहे, आजी-आजोबांजवळ. पाचवीला, सेमी इंग्लिश, यंदा स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसलाय. जून-जुलैत त्याला घेऊन जाणारेत. बहिणीच्या वॉर्डातल्या एका डॉक्टरबाई म्हणाल्या की पोरगं हुशार आहे तर मँचेस्टर ग्रामर स्कूलची परीक्षा द्यायला लावा, फक्त मुलांची शाळा आहे, १५१५ सालची, निवडून घेतात. बहिणीला रात्रपाळ्या असतात, तिला बसून बघायला टाइम मिळत नाही म्हणून मी बघायलोय, पण जितकं वाचायलोय तितका गोंधळ वाढायलाय. ग्रामर स्कूल फुकट असतं असं एका ठिकाणी लिहिलंय आणि या शाळेची फी बघितली तर डोळेच पांढरे झाले. पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी का? परीक्षा कसली, आपल्या बोर्डाच्या अभ्यासाचा काही उपयोग आहे का, डोनेशन लागतं का, ओळख लागते का? पोराचा वाढदिवस नोव्हेंबरचा, नुकताच दहा पूर्ण झालाय. कुणी यातून गेलं असेल तर सविस्तर सांगा, बहिणीनं लई कष्टानं सगळं उभं केलंय, माझ्याकडून काही राहून जायला नको.

स्टॉकपोर्टकर

दादा, मी मूळचा सात रस्त्याचा, इथं मँचेस्टरशेजारी नऊ वर्षं आहे आणि माझा थोरला या सगळ्यातून गेलाय म्हणून लिहितो. आधी नावांचा गोंधळ मिटवू. इथं पब्लिक स्कूल म्हणजे जुनी खाजगी, फी वाली शाळा, आपल्या उलट. सरकारी शाळेला स्टेट स्कूल म्हणतात. ग्रामर स्कूल म्हणजे सरकारी पण परीक्षा घेऊन मुलं निवडणारी, तिथं फी नसते, उदाहरणार्थ आमच्याकडची आल्ट्रिंकम ग्रामर फॉर बॉईज. आणि मँचेस्टर ग्रामरच्या नावात ग्रामर असलं तरी ती इंडिपेंडंट आहे, म्हणजे फी वाली. पूर्वी अशा शाळांना सरकारची ग्रँट होती, ती १९७० च्या दशकात बंद झाली आणि शाळा पूर्ण स्वतंत्र झाली, नाव तेच राहिलं. तुम्ही दोन्ही ठिकाणी जे वाचलं ते दोन्ही बरोबर आहे, फक्त शाळा वेगवेगळ्या.

आता वय. इथं वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असं मोजतात. तुमचा भाचा नुकताच दहाचा झाला म्हणजे येत्या सप्टेंबरात इयर सिक्समध्ये बसेल, आणि मोठ्या शाळेत जायचं इयर सेव्हनला, त्याच्या पुढच्या सप्टेंबरात. या प्रवेशाला इलेव्हन प्लस म्हणतात. मोठ्या शाळांत शिरायचं दुसरं वय म्हणजे तेराचं. ईटनसारख्या बोर्डिंगमध्ये तेराव्या वर्षी घेतात पण नाव नोंदवायचं इयर फाइव्ह संपायच्या आत आणि पहिली कॉम्प्युटरवरची चाचणी इयर सिक्समध्ये, म्हणजे पोरगं दहा वर्षांचं असताना. तिची फी आता वर्षाला साठ हजार पौंडांच्या पुढं गेलीय, ते सोडून द्या. तुमचा विषय डे स्कूलचा आहे.

इंडिपेंडंट शाळांचं साधारण असं चालतं की शरद ऋतूत, म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत फॉर्म भरायचा, परीक्षा बहुतेक ठिकाणी जानेवारीच्या आसपास, मग चांगली केलेल्यांना इंटरव्ह्यू नाहीतर शाळेत बोलावून अर्धा-एक दिवस बसवतात, शिक्षक शिकवतात आणि पोरं कशी वागतात, प्रश्न विचारतात का, दुसऱ्याचं ऐकतात का ते बघतात. शिवाय सध्याच्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडून गुप्त रिपोर्ट मागवतात, तो पालकांना दाखवत नाहीत. डोनेशन नाही, ओळख नाही, हे मी खात्रीनं सांगतो. पण तारीख गेली की गेली. प्रत्येक शाळेची तारीख वेगळी, दरवर्षी बदलते, त्यामुळं माझ्यावर विसंबू नका, शाळेच्या ॲडमिशन ऑफिसला सरळ मेल टाका, फार व्यवस्थित उत्तर देतात.

फुकटवाल्या ग्रामरचं वेळापत्रक याच्या आधी येतं बघा. त्यांची परीक्षा इयर सिक्स सुरू होतानाच सप्टेंबरात असते आणि नाव आधीच्या उन्हाळ्यात नोंदवावं लागतं, म्हणजे भाचा अजून सोलापुरातच असेल तेव्हा. घराचा पत्ताही बघतात, त्यामुळं बहीण आता घर भाड्यानं घेणार असेल तर आधी हे बघा मग घर. आणि कौन्सिलचा, म्हणजे इथल्या महापालिकेचा, साध्या सरकारी शाळांचा फॉर्म ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचाच, बाकी काहीही होवो, त्याचा निकाल १ मार्चला. आमच्या ओळखीच्या एकांनी प्रायव्हेटच्या नादात तो भरलाच नाही आणि नंतर लांबची शाळा मिळाली.

शिष्यवृत्तीच्या_बाई

मी पूर्व भागात गेली बरीच वर्षं पाचवीचे शिष्यवृत्तीचे वर्ग घेते, इंग्लंडचं मला काही अनुभवाचं नाही पण माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मुलीसाठी तिकडचे सराव पेपर मागवून बघितले होते म्हणून सांगते. मामा, तुम्ही विचारलंत ना आपल्या अभ्यासाचा उपयोग आहे का, तर खूप आहे. आपल्या पेपर दोनमध्ये बुद्धिमत्ता चाचणीचे ५० प्रश्न आणि १०० गुण असतात, त्यातलं सांकेतिक भाषा, समसंबंध, गटात न बसणारा शब्द, आकृत्यांचा क्रम, आरशातली प्रतिमा, हेच तिकडं व्हर्बल आणि नॉन व्हर्बल रिझनिंग म्हणून येतं. आकृत्यांचे प्रश्न तर भाषेशिवायचे, आपली मुलं त्यात कुठंही कमी पडत नाहीत. गणितात अपूर्णांक, शेकडेवारी, गुणोत्तर, शाब्दिक उदाहरणं, फक्त रीत मांडून दाखवायची सवय पाहिजे कारण आपल्याकडं पर्यायाचा गोल काळा करायची सवय लागते आणि तिकडं बऱ्याच शाळांच्या पेपरात पायऱ्यांना गुण असतात.

अडेल ते इंग्रजीत. आणि व्याकरणात नाही हं, वाचनात. उतारा देतात पान-दीड पानाचा, गोष्टीतला, आणि विचारतात की या मुलाला इथं काय वाटत असेल, लेखिकेनं हाच शब्द का वापरला. मग स्वतःच्या मनानं अर्ध्या तासात एखादी गोष्ट नाहीतर वर्णन लिहायचं. आपण मुलांना निबंध पाठ करून देतो, 'माय बेस्ट फ्रेंड', 'अ व्हिजिट टू अ फेअर'. ते तिकडं एका ओळीत ओळखतात. परवाचीच गोष्ट, माझ्या वर्गात एकवीस मुलांनी गड्ड्याच्या जत्रेवर लिहिलं आणि त्यातल्या वीस जणांनी पाळणा आणि मौत का कुआँ लिहिला, एकाच पोरीनं लिहिलं की आजीची चप्पल गर्दीत तुटली आणि ती अनवाणी घरापर्यंत आली. ती पोरगी कुठल्याही शाळेत जाईल बघा. भाच्याला असं लिहू द्या, चुकीच्या इंग्रजीत का असेना.

आत्तापासून रोज अर्धा तास इंग्रजी गोष्टीचं पुस्तक, मोठ्यानं, आणि वाचून झाल्यावर त्याच्याशी त्याबद्दल गप्पा, मराठीत मारल्या तरी चालतील. हिराचंद नेमचंद वाचनालयात बालविभागात जाऊन त्याला स्वतःला पुस्तक निवडू द्या, तुम्ही निवडू नका. दुसऱ्या ट्यूशनला घालू नका हो, हात जोडून सांगते.

अशोक_चौक_७७

सगळे परीक्षेवर बोलायलेत, मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. पोरगं दीड वर्ष आईपासून लांब आहे. नवीन देश, थंडी, भाषा, तिथं जाऊन सहा महिन्यांत त्याला एवढ्या निवडक शाळेच्या परीक्षेला बसवायचं आणि नाही झालं तर? माझ्या मुलाला आम्ही सहावीला एका नामांकित निवासी शाळेच्या परीक्षेला बसवलं होतं, वर्षभर क्लास, रविवारसुद्धा नाही, आणि यादीत नाव आलं नाही. पोरगं दोन महिने कुणाशी धड बोललं नाही. त्याला वाटलं आपण ढ आहोत. चूक आमची होती, आम्ही घरात दुसरा विषयच ठेवला नव्हता.

दुसरं म्हणजे फक्त मुलांचीच शाळा कशाला पाहिजे, आणि श्रीमंतांच्या पोरांत नर्सचं पोरगं, त्याला रोज जाणवणार नाही का? साधी सरकारी शाळा फुकट आहे, आईजवळ राहील, जेवेल, भाषा आपोआप येईल.

स्टॉकपोर्टकर

दादांचं पटतं आणि नाहीही पटत. श्रीमंतांचं म्हणाल तर माझ्या पोराच्या वर्गात टॅक्सी चालवणाऱ्याचा मुलगा आहे, दोन डॉक्टरांची आहेत, एकाचे वडील बेकरीत कामाला. हे कशामुळं तर बर्सरीमुळं, आणि मामांच्या बहिणीसाठी खरा मुद्दा हाच आहे म्हणून नीट लिहितो.

डे स्कूलची फी साधारण १५ ते २५ हजार पौंड वर्षाला धरा, वर १ जानेवारी २०२५ पासून २० टक्के व्हॅट लागलाय. बँड फाइव्हच्या (एनएचएसमधली नव्या नर्सची पगारश्रेणी) नर्सचा सुरुवातीचा पगार २०२५-२६ मध्ये ३१ हजारांच्या आसपास होता, कर जायच्या आधी. म्हणजे पूर्ण फी भरून होणं शक्य नाही, हे आधीच कबूल करून पुढं जायचं. स्कॉलरशिप आणि बर्सरी या दोन वेगळ्या गोष्टी. स्कॉलरशिप हुशारीवर, पण पुष्कळ शाळांत ती नावापुरती असते, फीमध्ये थोडीशी सूट. बर्सरी घरच्या उत्पन्नावर, आणि ती काही जणांना पूर्ण फीपर्यंत मिळते. त्यासाठी दोघांचे पगाराचे कागद, बँकेची स्टेटमेंट, बचत, आणि भारतातलं घर-शेतसुद्धा दाखवावं लागतं, काही शाळा माणूस घरी पाठवून बघतात. दरवर्षी परत कागद द्यायचे. काही लपवू नका, सोलापूरचा फ्लॅट असला तर लिहा. पण बर्सरीचे पैसे मोजके असतात, त्यामुळं परीक्षेत जे वर असतात त्यांचा विचार आधी होतो, आणि पास झाला पण बर्सरी मिळाली नाही असंही होतं. तसं झालं तर आपलं पोरगं नापास झालेलं नाही, हे त्याला आणि बहिणीला आजच सांगून ठेवा. बर्सरीचा फॉर्म वेगळा असतो आणि प्रवेशाच्या फॉर्मबरोबरच मागतात, व्हिसावर असलेल्यांना चालतं का हे ऑफिसला सरळ विचारा.

इंटरव्ह्यूचं सांगायचं राहिलं. माझ्या पोराला एका शाळेत एक जुनं लोखंडी काहीतरी हातात दिलं आणि विचारलं हे कशाला वापरत असतील. त्याला माहीत नव्हतं. त्यानं वास घेतला, म्हणाला तेलाचा वास येतोय म्हणजे मशिनीचं असेल, आणि इथं घासलंय म्हणजे इथून दोरी जात असेल. तिथंच त्याचं काम झालं असं मला वाटतं, कारण उत्तर तसं चुकलंच होतं.

जुळे_सोलापूरचा_मामा

काय बोलू, एवढं कुणी सांगितलं नव्हतं. लोखंडी वस्तूचं वाचून अंगावर काटा आला कारण आमच्या वडिलांचे यंत्रमाग होते, आता दोनच राहिलेत, आणि हे पोरगं शाळेतून आलं की आजोबांजवळ मागावरच असतं. जॅकार्डचे पंचकार्ड कसे डिझाइन पाडतात, भोक असलं की कुठला धागा उचलला जातो, ते तो मला समजावून सांगतो, मला स्वतःला एवढं येत नाही. मी त्याला त्यासाठी ओरडायचो, अभ्यास सोडून तिथं काय बसतोस म्हणून.

अशोक चौकवाले दादा, तुमचं मी बहिणीला वाचून दाखवलं फोनवर, ती रडली. पण म्हणाली फॉर्म भरू, तिन्ही ठिकाणी, म्हणजे फी वाली, फुकटवाली ग्रामर आणि साधी सरकारी, आणि घरात त्याचा विषय आठवड्यातून एकदाच काढायचा.

एक विचारायचं राहिलं, मुख्याध्यापकांचा रिपोर्ट कुणाचा मागतील, इथल्या शाळेचा का तिथल्या? आणि त्याला इंग्लिश बोलायला अजून जड जातं, ते लपवावं का?

स्टॉकपोर्टकर

लपवायचं अजिबात नाही. फॉर्ममध्ये लिहा की जुलैमध्ये आलाय, घरी मराठी बोलतात, आधी मराठी शाळेत होता. शाळा ते वाचतात, नुकत्याच आलेल्या पोराचं इंग्रजी आणि इथंच जन्मलेल्याचं इंग्रजी हा फरक त्यांना कळतो. काही चाचण्यांत वयाप्रमाणे गुण जुळवतात पण त्याचा फायदा उन्हाळ्यात जन्मलेल्या लहान पोरांना, तुमचा नोव्हेंबरचा, तो वर्गात मोठ्यांतला.

रिपोर्ट दोन्हीकडचा मागू शकतात. म्हणून सोलापुरातून निघायच्या आधी मुख्याध्यापकांना भेटा, शाळेचा मेल आयडी घ्या, इंग्लंडहून मेल येईल म्हणून सांगून ठेवा, आणि मागच्या दोन वर्षांची प्रगतीपुस्तकं इंग्रजीत भाषांतर करून शाळेच्या सही-शिक्क्यासह घ्या. जूनमध्ये सुट्ट्या आणि नवीन वर्षाची गडबड असते, एप्रिलमध्येच उरका. आणि जानेवारीत नाहीच जमलं तर इयर एट-नाइनला मधल्या जागा निघतात, तेव्हा परत देता येते परीक्षा. तोवर पोराचं इंग्रजी कुठल्या कुठं गेलेलं असेल.

शिष्यवृत्तीच्या_बाई

मामा, मागाचं त्याला इंग्रजीत सांगायला लावा. शब्द अडले तर ताणा, बाणा, धोटा असे मराठीच राहू द्या, वाक्य पूर्ण करू द्या. आजोबांना समोर बसवा.

जुळे_सोलापूरचा_मामा

बाई, काल रात्री बसवलं. आजोबांना इंग्रजी येत नाही, पण ते मान हलवत होते म्हणून पोरगं वीस मिनिटं थांबलं नाही. मुख्याध्यापकांकडं सोमवारी जायलोय.