यूसीपी २ म्हणजे दुसरी शेगडी नव्हे

'यूसीपी २ सुद्धा यूसीपी १ सारखीच उष्णता देतं' असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. यूसीपी ही मायटोकाँड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरांच्या, आतल्या पटलातली प्रथिनं. यूसीपी १ तपकिरी चरबीत भरपूर असतं. यूसीपी २ तुरळक, आणि त्याचं अर्धायुष्य (निम्मं प्रथिन मोडायला लागणारा वेळ) जेमतेम ३० मिनिटं. यूसीपी १ चं ३० तासांच्या आसपास. इतक्या घाईने मोडलं जाणारं प्रथिन शेगडीचं काम कसं करेल?

त्यापेक्षा यूसीपी २ दुसऱ्या कुठल्या प्रथिनाला धरतं ते बघा. २०१६ च्या एका कामात दिसलं, की पीआरएमटी १ हे एन्झाइम एमआयसीयू १ वर (मायटोकाँड्रियात कॅल्शियम शिरण्याच्या वाटेवरचं राखणदार प्रथिन) मिथाइल हा छोटा रासायनिक गट चढवतं आणि मायटोकाँड्रियात कॅल्शियम शिरणं मंदावतं. यूसीपी २ नेमकं या मिथाइल लागलेल्या रूपाला धरतं आणि वाट पुन्हा मोकळी होते. मला हे फार सुंदर वाटतं!

फक्त ही जोडी तपासताना ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायची चाचणी) ३३ किलोडाल्टनच्या, म्हणजे यूसीपी २ च्या आकाराच्या, आसपास पट्टी दिसली म्हणून लगेच विश्वास ठेवू नका. यूसीपी २ च्या अँटिबॉडी बऱ्याचदा दगा देतात, भलत्याच प्रथिनाला चिकटतात. शिवाय हे प्रथिन आतल्या पटलात रुतलेलं: ते बाहेर काढायला वापरलेला डिटर्जंट (पटल विरघळवणारं रसायन) जहाल असेल तर यूसीपी २ आणि एमआयसीयू १ ची जोडी सुटते, फार सौम्य असेल तर पटलाचा तुकडा सगळे शेजारी सोबत घेऊन येतो. यूसीपी २ काढून टाकलेल्या पेशींचा नमुना ब्लॉटवर बाजूच्या लेनमध्ये (रांगेत) तुलनेसाठी हवाच.